गवतापासून वनापर्यंत
(भडगाव येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भडगाव हे गिरणेच्या काठी वसलेले गाव. पूर ओसरल्यावर नदीच्या पात्रात वाळूचा व गाळाचा नवा थर राहतो. तो कोणी हलविला नाही, तर त्यावर प्रथम लव्हाळा उगवतो. त्याच्या मुळ्या वाळू बांधून ठेवतात. तेथे गाळ साचतो, त्यात शेरणी व झाऊ यांची झुडपे येतात आणि कालांतराने काठावर करंज, जांभूळ, उंबर उभे राहतात. आधीची वनस्पती पुढचीसाठी जमीन तयार करते आणि पुष्कळदा स्वतः मागे सरते. या क्रमाला शास्त्रात अनुक्रमण म्हणतात. हेन्री काउल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर असाच क्रम अभ्यासून १८९९ मध्ये तो मांडला. पात्रातील वाळूचा बेसुमार उपसा झाला म्हणजे या क्रमाची पहिली पायरीच नाहीशी होते.

गायरानाची कथाही अशीच आहे. उघड्या मुरमाड जमिनीवर पहिल्या पावसात तरोटा आणि कुसळी येते. त्यांच्या पाल्याने माती सुधारली की पवन्या, मारवेल यांसारखी बहुवर्षायू गवते ठाव धरतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून बोर व कडुनिंबाचे बी पडते. बाभळीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात. पुढे पळस येतो आणि खानदेशच्या कोरड्या टेकड्यांना मानवणारा अंजनही वाढू लागतो. गवतासोबत कीटक व उंदीर येतात, तर त्यांच्यामागे साप, घुबड आणि घार. खाणारा व खाल्ला जाणारा यांच्या या साखळीमुळे कोणा एकाची संख्या बेसुमार वाढत नाही. यालाच परिसंस्थेचा समतोल म्हणतात. घुबड अशुभ मानून हुसकावले, तर शेतातले उंदीर कोणी आवरावेत?

अतिचराईने हा क्रम अडतो. जनावरे गवत मुळापर्यंत खातात, पण गाजरगवताला तोंड लावत नाहीत. पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम आढळलेले हे परदेशी तण आता राज्यभर पसरले आहे. मोकळी पडलेली जागा ते व्यापते आणि पुढची पायरी येऊ देत नाही. त्यावर तरोट्याचे बी पेरण्याचा उपाय कृषितज्ज्ञ सुचवितात. दाट वाढलेला तरोटा गाजरगवताला दाबून टाकतो.

या संदर्भात शेजारच्या धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या बारीपाडा या आदिवासी पाड्याचे उदाहरण मननीय आहे. तेथील ग्रामस्थांनी १९९०च्या दशकापासून चैतराम पवार यांच्या पुढाकाराने कुऱ्हाडबंदी व चराईबंदीचे नियम स्वतः केले आणि नियम मोडणाऱ्यास दंड ठेवला. सुमारे ११०० एकर वनाचे त्यांनी रक्षण केले. जमिनीत शिल्लक असलेल्या खोडांना व बियांना उभे राहण्यास अवसर मिळाला. वन वाढले, पाणी टिकू लागले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पावसाळ्यात खड्डे खणून रोपे लावण्याचा कार्यक्रम गावोगाव होतो. तो चांगलाच आहे. परंतु ज्या जमिनीवर गवतही टिकत नाही, तेथे लावलेले रोप उन्हाळा काढील, ही अपेक्षा धाडसाची ठरते. म्हणून ग्रामसभेने गायरानाचा एक तुकडा निवडून तो काही वर्षे चराईसाठी बंद ठेवावा. मात्र ज्यांची गुरे-शेळ्या त्या जागेवर अवलंबून आहेत, त्यांना आधी विश्वासात घ्यावे आणि गवत कापून नेण्याचा पहिला हक्क त्यांना द्यावा. अन्यथा बंदी कागदावरच राहील. शाळेने त्या तुकड्यात एक मीटर लांबी-रुंदीचे काही चौकोन आखावेत व दर पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांकडून त्यांतील वनस्पतींची नोंद करवावी. कोणते गवत आले, कोणते गेले, पहिले बोर कधी उगवले, हे त्या वहीत वाचता येईल. पुढील वर्षी कोणते रोप लावावे, हे ठरविताना पंचायतीने ती वही समोर ठेवावी.