साखळी ओढण्यापूर्वी



1964 मध्ये स्थापन झालेल्या विमान कारखान्यामुळे नाशिकजवळच्या ओझरचे नाव देशभर पोहोचले. मिग-21 पासून सुखोई-30 पर्यंतची विमाने येथे घडली. याच परिसरातील शेतकरी विहिरीतला नादुरुस्त पंप वर काढतो, तेव्हा तिपायीला चेन पुली ब्लॉक, म्हणजे साखळीची कप्पी, टांगतो. अवजड वस्तू हाताच्या बळावर उचलणारे हे साधन कारखान्याला जितके परिचित, तितकेच शिवारालाही.

कप्पीतील दातेरी चक्रांमुळे हातसाखळी पुष्कळ ओढली की भार थोडा वर येतो. म्हणूनच एक माणूस टनभर ओझे उचलू शकतो. ते अधांतरी थोपवून धरण्याचे काम आतील ब्रेक करतो. नेहमी एकट्याने चालणारी कप्पी ओढवेनाशी झाली, तर तो इशारा समजावा. भार अधिक आहे किंवा काही तरी अडकले आहे. अशा वेळी आणखी दोघांनी जोर लावणे हे धाडस नव्हे, अविचार होय.

स्लिंगचेही गणित ध्यानी घ्यावे. एक टन भार दोन पदरांनी सरळ उभा उचलला, तर प्रत्येक पदरावर 500 किलोंचा ताण येतो. पदरांमधील कोन 90 अंश झाला की तो सुमारे 710 किलो होतो आणि 120 अंशांवर पूर्ण 1,000 किलो. ओझे तेच, पदर फाकले की धोका वाढतो.

कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने अशा साधनांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी बंधनकारक केली. साधनावर सुरक्षित भारमर्यादा स्पष्ट लिहिण्याचा दंडकही घातला. परंतु तपासणी वर्षातून एकदा, आणि काम मात्र रोजचे. विहिरीवर तर तपासनीस येतच नाही. तेथे साखळी ओढणारा हाच तपासनीस.

म्हणून कामापूर्वी पाच गोष्टी पाहाव्यात : हूकचे तोंड फाकलेले नाही ना, त्याची खिटी शाबूत आहे ना, साखळीची कडी ताणलेली, झिजलेली वा पिळलेली नाही ना, टांगणीचा आधार भक्कम आहे ना, आणि भार वीतभर उचलल्यावर ब्रेक तो धरून ठेवतो ना. शंका आल्यास साधन बाजूला ठेवावे. टांगलेल्या भाराखाली मात्र कोणीही, क्षणभरही, उभे राहू नये.

या पाहणीला दोन मिनिटे पुरतात. संध्याकाळी घरी वाट पाहणाऱ्यांसाठी एवढा वेळ प्रत्येकाने द्यावा.