कमावती, पण अज्ञान

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' ही अक्षरे तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिली असतील. अज्ञान पालनकर्ता. जमिनीचा मालक अठराच्या आत असला की त्याच्या वतीने व्यवहार पाहणारा तो हा पालक. मूल सज्ञान झाले की ही अक्षरे जायला हवीत. मी आज जिच्याबद्दल बोलणार आहे, तिच्या नावापुढे ती लागली वयाच्या सव्विसाव्या वर्षी. तेव्हा ती दोन मुलांची आई होती आणि जगातल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या गायिकांपैकी एक होती.

ब्रिटनी स्पिअर्स. पॉप गाणाऱ्या अमेरिकन बाईचे आपल्या शिबिरात काय काम, असे कुणाला वाटेल. तिची गाणी आवडतात की नाही हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्या कोर्टाच्या कागदपत्रांत मात्र आपल्या ओळखीचे पुष्कळ काही आहे.

लुईझियाना राज्यातल्या केंटवूड या लहान गावातली ही मुलगी. १९९२ साली, दहा वर्षांची असताना, टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली. गाणे झाल्यावर वयस्क सूत्रसंचालकाने तिला विचारले, तुला बॉयफ्रेंड आहे का? नाही म्हटल्यावर, मग मी चालेन का? प्रेक्षक हसले. पुढे 'मिकी माउस क्लब' या मुलांच्या कार्यक्रमात तिने अभिनय, नाच, गाणे सगळे केले. सोळाव्या वर्षी पहिले गाणे आले आणि त्या पहिल्या अल्बमच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या. १९९९ मध्ये एका प्रसिद्ध मासिकाने सतरा वर्षांच्या या मुलीचा अंतर्वस्त्रांतला, बिछान्यावरचा फोटो मुखपृष्ठावर छापला. तोच समाज मग तिला मुलींना बिघडवणारी म्हणू लागला. २००३ साली मेरीलँडच्या गव्हर्नरच्या पत्नीने जाहीरपणे म्हटले, संधी मिळाली तर मी तिला गोळी घालीन. टीव्हीवर तिला याचा जाब विचारला गेला. तिला! मुलाखतीत ती रडली, तेही दाखवले.

मग लग्न, एका वर्षाच्या अंतराने दोन बाळंतपणे, घटस्फोट. घराबाहेर पाऊल टाकले की छायाचित्रकारांची झुंड. २००७ मध्ये तिने डोक्याचे केस काढून टाकले. फोटो जगभर गेला आणि 'वेडी' हा शिक्का बसला. आपल्याकडे केशवपन लादले जाई तेव्हा तो धर्म होता. बाईने स्वतः केस काढले तर वेड. त्याच वर्षी मुलांचा ताबा गेला. जानेवारी २००८ मध्ये तिला दोनदा रुग्णालयात नेण्यात आले आणि १ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियाच्या कोर्टाने तिच्यावर पालक नेमले. तिची आणि मालमत्तेची अशी दोन्ही सूत्रे वडिलांच्या हाती गेली. मालमत्तेसाठी जोडीला एक वकील होता.

तिला उपचारांची गरज नव्हती, असे मी म्हणत नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला शिकवले होते की संकटातल्या माणसाला काही काळ आधार लागतो. इथे हा 'काही काळ' पावणेचौदा वर्षे चालला. आणि या वर्षांत 'अक्षम' बाई करत काय होती? त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवा अल्बम, २००९ मध्ये जगाचा दौरा, मग आणखी दौरे, टीव्हीवर परीक्षक, २०१३ ते २०१७ लास व्हेगासमध्ये जवळपास अडीचशे प्रयोग. दीड-दीड तास नाचायला ती सक्षम. स्वतःचा वकील निवडायला अक्षम. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दाखवलेल्या कोर्टाच्या कागदांनुसार तिला आठवड्याला दोन हजार डॉलर हातखर्च मिळे, आणि वडिलांना महिन्याला सोळा हजार डॉलर पगार, तिच्याच पैशातून. तिच्या बाजूच्या आणि तिच्या विरुद्धच्या वकिलांची फीही तिच्याच पैशातून.

यातली विसंगती बघा. याच कॅलिफोर्नियात १९३९ पासून बालकलाकारांची मिळकत आईबापांपासून राखणारा कायदा आहे. चार्ली चॅप्लिनच्या 'द किड'मधल्या जॅकी कूगनची लाखो डॉलरची कमाई आई आणि सावत्र बापाने उडवली, म्हणून तो झाला. (आपल्याकडे २०१७ च्या नियमांनी बालकलाकाराच्या मिळकतीचा किमान पाचवा हिस्सा बँकेत ठेवायला सांगितले आहे. मुंबईतल्या मैत्रिणींनी मालिकांच्या सेटवर कधी चौकशी करून पाहावी.) लेकराचा पैसा बापापासून राखणाऱ्या राज्याने पोक्त लेकीचा पैसा बापाच्या हाती दिला.

२३ जून २०२१ ला ती अखेर कोर्टापुढे उघडपणे बोलली. वीसेक मिनिटे, भरभर, जणू कुणी फोन बंद करील. मनाविरुद्ध दौरा करायला लावला. नाचातल्या एका हालचालीला नाही म्हटले तेव्हा औषधे बदलली. आणि गर्भाशयात बसवलेली आय.यू.डी. काढायला डॉक्टरकडे जाऊ देत नाहीत, कारण तिला मूल व्हायला नको आहे, असे ती म्हणाली. हे पालकत्व रद्द करण्यासाठी आपण अर्ज करू शकतो, हेच तिला माहीत नव्हते.

आय.यू.डी.चे वाचले तेव्हा मला शिरूर आठवले. १९९४ च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससूनमध्ये काढण्यात आली, आणि आपल्या संघटना रस्त्यावर उतरल्या. तेव्हाचे समर्थन होते स्वच्छता आणि सुरक्षितता. त्या मुली निराधार होत्या, ही कोट्यधीश. दोघींची तुलना करणे बरोबर नाही. पण बाईची बुद्धी नाकारली की पाठोपाठ तिच्या गर्भाशयाचा निर्णय दुसरे घेतात, हे दोन्हीकडे घडले.

आमच्या समुपदेशन केंद्रात 'हिच्या डोक्यावर परिणाम झालाय' हे वाक्य दर आठवड्याला ऐकू येते. तीच बाई पहाटे भाकऱ्या थापून मजुरीला जाते तेव्हा तिचे डोके कुणाला आठवत नाही. माहेरच्या जमिनीत हिस्सा मागितला, पोटगीचा अर्ज टाकला, मुलांचा ताबा मागितला, की आठवते. मुलांची धमकी तर हमखास. मुले भेटावीत म्हणून आपण कसे सोसत राहिलो, हे ब्रिटनीनेही २०२३ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे.

जुलै २०२१ मध्ये तिला स्वतः निवडलेला वकील मिळाला. सप्टेंबरात वडील दूर झाले, १२ नोव्हेंबरला पालकत्व संपले. तेरा वर्षे न सुटलेली गाठ चार महिन्यांत सुटली. चाहत्यांनी कोर्टाबाहेर केलेल्या निदर्शनांचाही त्यात वाटा होता. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा बदलला. पालक नेमण्याआधी, माणसाला निर्णय घ्यायला मदत करण्याचे सौम्य मार्ग पाहावेत, असा त्याचा रोख आहे.

आपल्याकडेही २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो की मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला अक्षम धरता येणार नाही, आणि आजारावरचा उपाय म्हणून नसबंदी करता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात 'मर्यादित पालकत्व' आहे: ठराविक निर्णयापुरते, ठराविक काळापुरते, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. जेवणानंतरच्या गटात ही कलमे वाचू. डॉक्टरांचे दाखले जोडलेल्या केसेस ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कागद आणावेत. दाखला कुणी मागितला आणि कोणत्या तारखेला, हे आधी पाहू.