लहान ट्रॅक्टर : गिअरचा कीं तेलाचा ?

आषाढांत लोणावळ्याहून वडगांवाकडे येणाऱ्यास आगगाडीच्या खिडकींतून भाताचीं खाचरें दिसतात. पूर्वीं त्या चिखलांत बैलजोड्या चालत. आतां पुष्कळ ठिकाणीं लहान ट्रॅक्टर चालतो. जवळच डोंगरउतारावर पुण्यामुंबईकरांचे बंगले व बागा आहेत. तेथेंही असा ट्रॅक्टर घ्यावा असें कित्येकांच्या मनांत येतें. तो गिअरचा घ्यावा कीं हायड्रोस्टॅटिक, याचें उत्तर मात्र दोन्हीकडे एक नाहीं.

गिअरच्या ट्रॅक्टरांत इंजिनाची शक्ति दांतेरी चक्रांतून चाकांस मिळते. गिअर बदलावयाचा तर क्लच दाबावा लागतो. हायड्रोस्टॅटिकमध्यें इंजिन एक पंप फिरवितें, पंप दाबाखालीं तेल धाडतो आणि त्या तेलानें फिरणारी मोटर चाकें चालविते. पंपांतील तबकडी कमीअधिक कलली कीं तेलाचा ओघ कमीअधिक होतो. पुढें, मागें, मंद, जलद, सारें एका पायानें साधतें. ही युक्ति नवी नव्हे. ज्या अमेरिकन इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशीं महिंद्रांनीं १९६३ सालीं ट्रॅक्टरांसाठीं भागीदारी केली, तिनेंच १९६७ सालीं हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर बाजारांत आणला होता. तरीही आपल्या शेतांत गिअरचेंच राज्य राहिलें, आणि तें उगाच नव्हे.

तेल ढकलतांना इंजिनाची कांहीं शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाते. वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनास ही घट जाणवते. चिखलणींत रोटाव्हेटर जड चिखल घुसळीत असतो, चाकें रुततात, आणि तासन् तास एकाच संथ गतीनें जावयाचें असतें. तेथें वेग क्षणोक्षणीं बदलण्याची सोय काय कामाची? शिवाय वडगांवच्या भात संशोधन केंद्राच्या इंद्रायणीचीं रोपें लावणीस आलीं म्हणजे शेतकऱ्यास थांबतां येत नाहीं. गिअरपेटी उघडणारा कारागीर तालुक्यांत मिळतो. तेलाचा पंप बिघडला तर यंत्र शहरांत न्यावें लागण्याचा संभव, आणि तोंवर लावणीचे दिवस निघून जातात. भातशेतकऱ्यानें गिअरचाच घ्यावा, हें निःशंकपणें सांगतां येईल.

बागेंत मात्र पारडें फिरतें. पुढच्या सुपड्यानें माती हलवितांना दिवसांत शंभरदां पुढें-मागें करावें लागतें, आणि नवशिक्या माळ्याच्या पायाखालीं क्लच लवकर झिजतो. गवत कापतांना साध्या एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबला कीं कापणीचें पातेंही थांबतें. हायड्रोस्टॅटिकमध्यें चाल मंदावली तरी पातें पूर्ण वेगानें फिरत राहतें. (चार गुंठ्यांच्या हिरवळीसाठीं ट्रॅक्टर घेणें ही निव्वळ हौस; तेथें हातानें ढकलावयाचें यंत्र पुरे.)

खरा जिवाचा प्रश्न आहे उताराचा. पाठीमागें भरलेली ट्रॉली असतां मध्यउतारावर गिअर बदलण्यास क्लच दाबला, कीं इंजिनाचा अटकाव सुटतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरास पुढें लोटते. ओल्या मातीवर मग ब्रेकही धरत नाहींत. हायड्रोस्टॅटिकमध्यें पाय उचलतांच तेल गतीस आवरतें. तरी त्यावर विसंबून यंत्र उतारावर उभें करून जाऊं नये. तेल आंतल्या आंत झिरपतें आणि चाकें हळूहळू सरकूं लागतात. हातब्रेक ओढावा, चाकाखालीं दगड लावावा, आणि पावसाळ्यापूर्वीं तेलाची गाळणी तपासून घ्यावी.