निळ्या कपड्यांतली मुलगी



लिलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बाजार समिती येते. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती घोळका जमतो, कुणी दोन कांदे उचलून दाबून बघतो, बोली चढते आणि बघता बघता ट्रॉलीचा निकाल लागतो. आज ज्या लिलावाबद्दल मी बोलणार आहे, तो झाला मुंबईत, ताजमहाल हॉटेलात. तारीख 29 नोव्हेंबर 2018. सदबीज या विलायती कंपनीचा मुंबईतला हा पहिलाच लिलाव. त्या संध्याकाळी बोलीला निघालेल्या कलाकृतींमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीचं चित्र होतं. निळ्या कपड्यांतली मुलगी, आणि चित्राचं नावही तेच. कंपनीचा अंदाज होता साडेआठ ते साडेबारा कोटींचा. कंपनीचं शुल्क धरून चित्र गेलं 18 कोटी 69 लाखांना.

चित्र काढणारी होती अमृता शेरगिल. वडील उमराव सिंग, पंजाबातले सरदार, संस्कृत-फारसीचे व्यासंगी आणि हौशी छायाचित्रकार. आई हंगेरियन, गाणारी. अमृताचा जन्म बुडापेस्टचा, 1913 सालचा. काही बालपण सिमल्यात गेलं आणि सोळाव्या वर्षी ती चित्रकला शिकायला पॅरिसला गेली. तिथल्या नामवंत प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवलं तेव्हा तिने विशीही ओलांडली नव्हती म्हटलं तरी चालेल. पॅरिसमध्ये जम बसत असताना 1934 च्या अखेरीस ती भारतात परतली. निळ्या कपड्यांतली ही मुलगी त्याच वर्षातली. नात्यातलीच, अमृतसरची.

आता रेडिओवरून चित्र दाखवायचं कसं? एवढंच सांगते, की ही मुलगी आपल्यासाठी हसत नाही. फोटो काढताना आपण पोरांना ‘हस बघू’ म्हणतो ना, तसं अमृता कुणाला म्हणालेली दिसत नाही. पुढच्याच वर्षी, 1935 साली, तिने तीन मुलींचं चित्र काढलं. तिघी एकमेकींना खेटून बसल्या आहेत. मागे ना महाल, ना झाड, ना पडदा. एकीचीही नजर दुसरीकडे नाही, आपल्याकडे तर नाहीच. पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलीला बसवलं की ती कशी बसते, हे ज्या घरांनी पाहिलंय त्यांना त्या खाली वळलेल्या नजरा समजावून सांगाव्या लागत नाहीत. याच चित्राला 1937 साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं.

मुंबईशी तिची गाठ त्याआधीच पडली होती. 1936 च्या अखेरीस तिची चित्रं मुंबईत मांडली गेली, आणि ती कुठे, तर याच ताजमहाल हॉटेलात! इथेच तिची ओळख झाली कार्ल खंडालावाला यांच्याशी. पेशाने वकील, पण कलेचा जाणकार माणूस; पुढे अमृतावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. मुंबईहून ती अजिंठा-वेरूळला गेली. पॅरिसमध्ये युरोपातली थोर चित्रं पाहून आलेली ही मुलगी अजिंठ्याच्या भिंतींपुढे अक्षरशः थक्क झाली. त्यानंतर दक्षिणेत फिरून तिने 1937 मध्ये जी चित्रं केली, ब्रह्मचारी, नववधूचा शृंगार, बाजाराला निघालेले गावकरी, त्यांतल्या सावळ्या, लांबट, संथ आकृत्यांमध्ये आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या त्या लेण्यांचा वाटा आहे.

पण कौतुक वेगळं आणि विक्री वेगळी. हैदराबादला नवाब सालारजंगांना तिची चित्रं दाखवली गेली. त्यांनी ती घेतली नाहीत. राजेरजवाड्यांच्या भिंतींवर तेव्हा रविवर्म्याच्या वळणाची चित्रं शोभत होती. भरजरी लुगडी आणि गोरेपान चेहरे पाहायला सरावलेल्या डोळ्यांना अमृताच्या गप्प बायका कशा रुचाव्यात?

निळ्या कपड्यांतल्या मुलीला मात्र घर मिळालं. 1937 साली लाहोरच्या फलेटीज हॉटेलात अमृताचं प्रदर्शन भरलं, तिथे चार्ल्स फाब्री या हंगेरियन कलासमीक्षकाने ते चित्र घेतलं. त्यानंतर लोकांनी ते पुन्हा पाहिलं थेट 2018 मध्ये. मधल्या काळात फाळणी झाली, लाहोर परदेश झालं. अमृता तर त्याआधीच गेली होती. 5 डिसेंबर 1941 रोजी, लाहोरलाच, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

मग एवढी किंमत कशामुळे? पहिलं कारण साधं आहे: चित्रं थोडी. आयुष्यभराची मिळून पावणेदोनशेच्या आसपास. त्यांतली बरीच तिच्या पतीने आणि वडिलांनी देशाला दिली आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाचा पाया त्यांच्यावरच घातला गेला. ती चित्रं काही बाजारात येणार नाहीत. दुसरी गोष्ट कायद्याची. 1972 च्या कायद्याखाली सरकारने नऊ चित्रकारांची चित्रं बहुमूल्य कलाकृती ठरवली आहेत. रवींद्रनाथ ठाकूर, नंदलाल बोस, जामिनी रॉय, रविवर्मा अशी ही नावं. त्या नवांत बाई एकच, अमृता. या नऊ जणांचं भारतात असलेलं चित्र विकता येतं, पण देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे परदेशातलं गिऱ्हाईक जवळजवळ बादच. तरीही बोली चढली. 2023 साली तिचंच एक चित्र दिल्लीत 61 कोटी 80 लाखांना गेलं; लिलावात कुठल्याही भारतीय चित्राला तोवर एवढी किंमत आली नव्हती.

इथे मला पुन्हा लासलगाव आठवतं. कांद्याला भाव मिळो न मिळो, शेतकरी ट्रॉलीशेजारी उभा असतो; जे काही पदरात पडायचं ते त्याच्याच. चित्राच्या लिलावात पिकवणारा बहुधा हजर नसतोच. आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना पुनर्विक्रीतला वाटा मागायचा हक्क आहे, पण तोही मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंतच. अमृताच्या बाबतीत ती मुदत केव्हाच सरली. ज्या हॉटेलात तिने तेविसाव्या वर्षी स्वतः चित्रं मांडली, तिथेच ब्याऐंशी वर्षांनी हातोडा पडला. त्यातला एक रुपयाही तिचा नव्हता.

अठरा कोटी हा आकडा वाचून आपण तोंडात बोट घालतो आणि पान उलटतो. आकडा लक्षात राहतो, मुलगी राहत नाही. म्हणून एक विनंती. दिल्लीला गेलात तर इंडिया गेटपर्यंत आपण सगळेच जातो. तिथून जवळच जयपूर हाऊसमध्ये ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. आत अमृताच्या चित्रांपुढे दहा मिनिटं उभे राहा. त्या मुली तुमच्याकडे बघणार नाहीत. तुम्ही मात्र त्यांच्याकडे बघा. तिथे बोली लावावी लागत नाही, साधं तिकीट पुरतं.