कोरड्या बर्फाची फवारणी आणि हवेचा पुरवठा



कारखान्यातील साचे, विजेची यंत्रे, पाव भाजण्याच्या भट्ट्या यांवर साचलेला मळ काढण्यासाठी पाणी, रसायने व वाळू यांचा उपयोग सर्वपरिचित आहे. त्यांच्या जोडीला आता कोरड्या बर्फाची फवारणी आली आहे. हा बर्फ म्हणजे घनरूप कार्बन डायऑक्साइड होय. त्याचे तपमान उणे ७८.५ अंश सेल्सिअस असते. तांदळाच्या दाण्याएवढे त्याचे कण हवेच्या झोताबरोबर पृष्ठभागावर आदळतात. थंडीने मळाचा थर आकसून तडकतो आणि कण पाणी न होता थेट वायुरूप होतात. मागे उरतो तो केवळ सुटलेला मळ.

या यंत्राचे सारे बळ मात्र हवेत आहे, आणि चूक होते ती बहुधा येथेच. काँप्रेसरचा काटा ७ बार दाखवतो, एवढ्यावर समाधान मानले जाते. वस्तुतः दाब आणि पुरवठा या दोन भिन्न गोष्टी होत. टाकी कितीही उंचावर असली, तरी तीत पाणीच थोडे चढत असेल, तर तोटी सोडताच ती रिकामी होते. लहान गॅरेजमधील काँप्रेसर मिनिटाला काहीशे लिटर हवा देतो. मध्यम फवारणी यंत्राला मात्र ५ ते ७ बार दाबाने मिनिटाला ३ ते ४ घनमीटर हवा अखंड लागते. नेमका आकडा तोटीच्या मापावर ठरतो. ४ घनमीटर हवेसाठी सुमारे ३० किलोवॉटची मोटर लागते; म्हणून वीजजोडणीचा मंजूर भार आधी पाहावा. अरुंद व लांब नळीत दाब वाटेतच खर्ची पडतो. यास्तव तो फवारणी चालू असताना, यंत्रापाशीच मोजावा.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात तो विशेष महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात ३० अंश तपमान व ८० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. मिनिटाला ४ घनमीटर अशी हवा दाबून थंड केली, तर तासाभरात चार लिटरांहून अधिक पाणी सुटते. हे पाणी यंत्रात शिरले, तर बर्फाचे कण एकमेकांस चिकटतात, तोटी गोठते आणि काम थांबते. म्हणून काँप्रेसरनंतर हवा थंड करणारे साधन, पाणी वेगळे करणारे पात्र व हवा सुकविणारे यंत्र हवेच. तेलाचा अंशही गाळून घ्यावा, अन्यथा स्वच्छ करावयाच्या वस्तूवरच तेल बसेल.

शेवटी कामगाराची काळजी. कार्बन डायऑक्साइड हवेहून सुमारे दीडपट जड असून खड्ड्यांत व तळघरांत साचतो. तेथे माणूस गुदमरू शकतो. खेळती हवा, जाड हातमोजे, चष्मा व कानांस संरक्षण यांवाचून काम सुरू करू नये.

यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी हवा किती, कोणत्या दाबाची व किती कोरडी मिळेल, हे विचारावे. खर्च वाया न जाण्याचा हाच मार्ग आहे.