भिंतीवरचा लाल सिलिंडर

भिवंडीजवळ माणकोलीहून अंजूरफाट्याकडे निघालात की दापोडे गाव लागते. कधीकाळी इथे भातशेती होती. मुंबईची जकात लागत नाही आणि महामार्ग हाताशी, म्हणून या पट्ट्यात गोदामे आली. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामे राहिली.

कापड, औषधे, टीव्ही, रंगाचे डबे, सारे खोक्यांत, छताला टेकेल इतके रचलेले. इथे ठिणगी पडली तर बंब येईपर्यंतची मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असतात. हा माणूस बहुधा हमाल असतो, आणि सुरक्षा प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नेमके त्याचेच नाव नसते. तो ठेकेदाराचा माणूस, आज या गाळ्यात, उद्या दुसऱ्या. प्रशिक्षण ऑफिसात, पडद्यावर चित्रे दाखवून, कायम नोकरांना!

१९४८च्या कारखाने कायद्याचे कलम ३८ सांगत होते की, आगीतून बाहेर पडण्याची वाट प्रत्येक कामगाराला ठाऊक हवी आणि त्याचा सराव हवा. पण निव्वळ साठवणुकीचे गोदाम म्हणजे कारखाना नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेली नवी संहिता दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. तेव्हा ही पळवाट आता अरुंद झाली आहे.

चित्र पाहून हात शिकत नाही. पावडरचा सिलिंडर घ्या. पिन ओढायची, तोंड ज्वाळेवर नव्हे तर आगीच्या बुडाशी धरायचे, दांडी दाबायची, डावीउजवीकडे फिरवायचे. सोपे वाटते ना? घाबरलेला माणूस दांडी आवळूनच पिन ओढतो, आणि दांडी आवळली की पिन अडकते. मग तो सिलिंडर फेकून पाण्याची बादली आणतो, तीही विजेच्या बोर्डावर ओतायला! छोटा सिलिंडर पाव मिनिटाच्या आसपास रिकामा होतो. एवढ्यात आग विझली नाही तर मागे फिरायचे, १०१ फिरवायचा. म्हणून पाठ दाराकडे ठेवूनच उभे राहायचे. अर्थात, दारात खोकी रचलेली नसतील तर!

खर्चाचे म्हणाल, तर सिलिंडर ठराविक मुदतीने पुन्हा भरायला पाठवावे लागतातच. त्याआधी आवारात, मोकळ्या जागी, पत्र्याच्या ट्रेमध्ये जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली छोटी आग पेटवावी आणि ते हमालांच्या हातून रिकामे करून घ्यावेत. ट्रक लागायच्या आधी, सकाळच्या पाळीला.