शेवटचे शंभर मीटर
(नेटवर्क स्विचच्या केबलजोडणीविषयी दिलेले भाषण)



देशातील ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने २०११ साली मान्यता दिली. हीच योजना पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखली जाऊ लागली. गावापर्यंत तार आणण्यास मोठा खर्च व श्रम पडतात. तथापि दाखल्यासाठी आलेला शेतकरी 'यंत्रणा बंद आहे' हे उत्तर ऐकून परततो, तेव्हा दोष नेहमीच दूरच्या केंद्रात असतो असे नाही. पुष्कळदा तो कार्यालयाच्या भिंतीवरील स्विचपाशी, घाईने जोडलेल्या एखाद्या केबलमध्ये असतो.

स्विचचे कार्य टपालाच्या छाननीसारखे आहे. आलेली माहिती पत्ता पाहून तो नेमक्या पोर्टातून पुढे पाठवितो. स्विचला अर्थिंगची जोडणी दिलेली असेल, तर ती सर्वांत आधी करावी आणि स्विच काढताना सर्वांत शेवटी सोडवावी. विजेच्या तारा व माहितीच्या केबली एकाच पट्टीतून नेऊ नयेत. तांब्याच्या केबलची एकूण लांबी १०० मीटरच्या आत असावी. त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील कायम जोडणीसाठी व १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या तुकड्यांसाठी धरतात.

या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे एकमेकींना पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. बाहेरचा अडथळा निष्प्रभ करण्याचे काम हा पीळच करतो. म्हणून प्लग बसविताना तो सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये. प्रचलित क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या तारा तिसऱ्या व सहाव्या जागी का, असा प्रश्न नवख्यास पडतो. त्या शेजारी-शेजारी बसविल्या आणि दोन्ही टोकांना तीच चूक केली, तर साध्या तपासणीयंत्राचे सर्व दिवे लागतात. परंतु पिळाच्या जोड्या फुटल्यामुळे माहिती अडखळते. असा दोष महिनोन्महिने सापडत नाही.

दुसरा धोका सद्हेतूने केलेल्या चुकीचा आहे. सफाईच्या वेळी लोंबकळणारे टोक दिसले, की कोणी ते त्याच स्विचच्या मोकळ्या पोर्टात खोचतो. त्यातून वळसा तयार होतो. असा वळसा रोखण्याची सोय साध्या स्विचमध्ये बहुधा नसते. त्यामुळे तीच माहिती त्यात अखंड फिरत राहते आणि संपूर्ण कार्यालयाचे जाळे ठप्प होते.

ऑप्टिकल फायबरची दोन तारांची जोडणी असल्यास एका टोकाचे प्रेषण दुसऱ्या टोकाच्या ग्रहणास जोडावे. तार तीव्र कोनात वाकवू नये, टोकावरील धूळटोपी जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नये आणि टोकात डोळा लावून कदापि पाहू नये. त्यातील लेसरकिरण अदृश्य असूनही डोळ्यास अपायकारक ठरू शकतो.

अखेरची गोष्ट बिनखर्चाची आहे. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा आणि कोणती केबल कोणत्या पोर्टात आहे, याची नोंद दप्तरी ठेवावी. कर्मचारी बदलून जातात, तंत्रज्ञ बदलतात. नोंद मागे राहते. काम ताब्यात घेताना सरपंचांनी व मुख्याध्यापकांनी दिवे लागले एवढेच पाहू नये. ही नोंदही मागून घ्यावी. बिघाड कोणत्याही दिवशी होऊ शकतो. त्या दिवशी नोंद हाताशी असेल, तर दोष शोधण्यास फार वेळ लागणार नाही आणि दूरवरून आलेल्या माणसाची खेप वाया जाणार नाही.